पहिली वेलांटी

परवा नागपुरात, धंतोलीत एका दवाखान्यासमोर स्कूटी लावली, वर पाहिलं तर हा भलामोठा फ्लेक्स : 'मोफत तपासणी शिबीर'. मी हेल्मेट न काढताच हसायला लागले. बाजूचा पार्किंगवाला बघत राहिला, ही पोट्टी दवाखान्याचा बोर्ड वाचून काहून हसून राहिली म्हणून. त्याला काय सांगणार? माझ्या कानात मेश्राम काकाजी बोलले होते ना, अगदी स्पष्ट : "पाह्य वं, तपासणी मोफत अन् दुसरी वेलांटीबी मोफत! शिबिराले पहिली लागते, पहिली!"

काकाजी मागच्या थंडीत गेले. ते असते तर त्यांचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला असता. खिशात पेन नसायचा, खडू असायचा. दुकानाच्या पाटीवर, शाळेच्या भिंतीवर, कुठेही चूक दिसली की काकाजी थांबणार, मालक बघतोय की नाही हे बघणार आणि खडूनं दुरुस्त करून पुढे जाणार. एकदा एका रसवंतीवाल्यानं रंगेहाथ पकडलं तर त्यालाच म्हणाले, "पैसे नोको देऊ, एक रस पाज." फ्लेक्स आले आणि त्यांचा हा धंदा बसला. फ्लेक्सवर खडू उमटत नाही. आणि गंमत म्हणजे ते फ्लेक्स छापायचा कोण? त्यांचाच मुलगा, आमचे विजूभाऊ. आणि डिझाइन करायचं कोण? मी.

गांधीबागेच्या एका गल्लीत, कापडाच्या ठोक दुकानांच्या मधोमध, काकाजींचा छापखाना होता. शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक करून जुळवायचे, मग पायानं चालवायचं ट्रेडल मशीन, असा जुन्या काळातला. मी कॉलेज करून तिथं लागले तोपर्यंत त्याचं 'डिजिटल प्रिंट पॉइंट' झालं होतं. काकाजी कोपऱ्यात स्टुलावर बसायचे. काम काही नाही, पण दुकानातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून जाणार म्हणजे जाणार. गिऱ्हाईक घाईत असलं तरी.

पहिल्याच दिवशी मी जोरात टाइप करत होते. माझा स्पीड चांगला आहे, काय करणार. तर मागून आवाज आला, "हळू वं धडधडी, त्या बटनायनं तुह्यं काय बिघडवलं?" झालं. तेव्हापासून मी धडधडी. माझं खरं नाव त्यांनी कधी घेतलं असेल तर मला आठवत नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. काकाजी कागद उलटा धरून वाचायचे. म्हणजे खरोखर उलटा, डोकं खाली पाय वर. खिळे जुळवणाऱ्याला अक्षरं उलटीच दिसतात म्हणे, त्यामुळे ती सवय. चहाच्या टपरीवर समोरच्या बाकावरचा माणूस पेपर वाचत असला की काकाजी इकडून तोच पेपर वाचायचे, आणि त्याच्या आधी पान संपवून म्हणायचे, "पलटव ना गा भाऊ." तो बिचारा दचकायचा. पण सवय म्हणून सोडून देऊ नका, त्यामागे त्यांचं एक शास्त्र होतं. मी विचारलं होतं एकदा, काकाजी, सरळ वाचलं तर काय होतं?

"सरळ वाचलं का अर्थ मधात येते," ते म्हणाले. "अर्थ लय हुशार असते. तो तुले पुढं ओढत नेते अन् चूक मागं राहून जाते. उलटं धरलं का अर्थ बंद. मंग फक्त अक्षर दिसते."

मी करून पाहिलं. खरंच दिसतं! तुम्हीही पाहा, आत्ता हेच पान उलटं करून. (मोबाइलवर वाचत असाल तर जमणार नाही. ते पण सांगते.)

झालं असं की एक गिऱ्हाईक लग्नाची पत्रिका घेऊन आलं. छापायची नव्हती, नुसती व्हॉट्सअॅपवर पाठवायची होती. मी डिझाइन केलं, विजूभाऊंच्या टॅबवर काकाजींना दाखवलं. त्यांनी टॅब उलटा केला. टॅबनं अक्षरं फिरवून सरळ केली. काकाजींनी पुन्हा उलटा केला. पुन्हा सरळ. तिसऱ्यांदा त्यांनी एकदम झटक्यात फिरवला, जसं काही टॅबला गाफील पकडायचं आहे. टॅब काही फसला नाही. काकाजींनी तो टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हे तं कोणत्याबी बाजूनं स्वतःले सरळच म्हणवते!"

आम्ही हसलो. पण ते हसले नाहीत, टॅब माझ्याकडे सरकवला. आणि मग म्हणाले, "प्रिंट काढ वं एक. फेकून देजो मंग."

तुम्हाला वाटेल, म्हातारा जुन्याला चिकटून बसणारा होता. अजिबात नाही. खिळे भंगारात गेले त्या दिवशी विजूभाऊंना वाईट वाटत होतं, काकाजी मात्र ठेल्यावर चढवायला मदत करत होते. "कंबर मोडली माही या शिशानं, जाऊ दे." कॉम्प्युटर त्यांना फार आवडायचा. चूक झाली तर पान न मोडता दुरुस्त होते याचं त्यांना इतकं कौतुक होतं की कधीकधी मुद्दाम माझ्याकडून एखादं अक्षर चुकीचं टाइप करून घ्यायचे आणि पुसायला लावायचे. फक्त एक गोष्ट त्यांना कळत नव्हती. ते दिवसभर बसून बघायचे की आता माणूस कागद कशासाठी मागतो.

"पाह्य," एकदा म्हणाले, "एक तं सरकारी खिडकीत द्याले छापते. नाही तं फोटो भिंतीवर टांगाले. वाचाले कोणी छापून राहिलं का?"

तेवढ्यात हुडकेश्वरचे एक काका आले. त्यांच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पार्किंगवरून भांडण पेटलेलं, ते अख्खं भांडण त्यांना छापून हवं होतं. मीटिंगमध्ये वाटायला. "मोबाइलवर मागून डिलीट करून टाकते साले," ते म्हणाले. मी प्रिंट काढले आणि काकाजींनी सवयीनं ते उलटे धरले. ते काका घाईत, आणि काकाजी खिडकीशी नेऊन भांडणाच्या वेलांट्या तपासून राहिले! शेवटी परत देताना म्हणाले, "तुम्ही त्यायले 'नीच' म्हटलं तिथं पहिली वेलांटी दिली. दुसरी पाहिजे. शिवी तरी शुद्ध द्या ना भाऊ." ते काका गेल्यावर मला म्हणाले, "भांडाले मोबाइल, पण निकाल लावाले कागद. लिहून ठेव."

लिहून ठेवलं बघा.

वर्षातून एकदाच दुकानात वाचायचा कागद छापला जायचा. दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवर लोक येतात, कुठून कुठून येतात, आणि जाताना पिशवीत पुस्तकं घेऊन जातात. काकाजींचा तिथं छोटासा स्टॉल असायचा. गाण्यांची लहान लहान पुस्तकं, खिशात मावतील अशी. ते दिवस आले की काकाजी स्टुलावर बसत नसत, उभेच. पण त्या वर्षी विजूभाऊंनी सांगून टाकलं, "बाबा, यंदाचं शेवटचं. लोकं गाणं मोबाइलवर ऐकून राहिले. पुढच्या साली आपण क्यूआर कोडचा बोर्ड लावू, मस्त मोठा." विजूभाऊ वाईट माणूस नाहीत, खरं तेच बोलत होते. मागची पुस्तकं अजून माळ्यावर पडून होती.

मला वाटलं काकाजी भांडतील. ते म्हणाले, "ठीक हाये. शेवटचं हाये तं मंग त्यात एक गाणं टाकाचं हाये. शेंडे गुरुजीचं."

विजूभाऊंनी मला बाजूला घेतलं. मग मला ती गोष्ट कळली.

शेंडे गुरुजी म्हणजे उमरेडकडच्या एका गावातले शाळामास्तर, काकाजींचे जिवाभावाचे मित्र. गाणी लिहायचे. काकाजींनी तरुणपणी त्यांच्या गाण्यांचं पुस्तक छापलं, स्वतः खिळे जुळवून, आणि प्रूफही स्वतःच वाचलं. त्यात एक गाणं होतं :

जुन्या दुखण्याची रात वं बाई
अक्षराचा दिवा लाव

छापून आलं तेव्हा 'दिवा'ची पहिली वेलांटी पडून गेलेली. 'अक्षराचा दवा लाव.' आणि हे ध्रुवपद! प्रत्येक कडव्याखाली तेच. सगळी पुस्तकं गावात वाटून झाल्यावर लक्षात आलं. गुरुजी छापखान्यात आले, पुस्तक टेबलावर ठेवलं, म्हणाले, "माह्या गाण्यातला दिवा तू विझवला. आता माहं गाणं तुह्या मशीनवर चढणार नाही." आणि गेले. पुन्हा आले नाहीत. काकाजीही गेले नाहीत. त्या गावचे लोक दीक्षाभूमीवर स्टॉलशी आले की काकाजी म्हणायचे, "मी जरा चहा घेऊन येतो." दर वर्षी. गुरुजी वारले तेव्हासुद्धा ते गेले नव्हते.

"पण काकाजी, तुमच्या हातून कशी काय सुटली?" मी विचारलं. "उलटं वाचलं नव्हतं का?"

ते खडूशी चाळा करत होते. "नाही ना," म्हणाले. "गाणं इतकं चांगलं होतं का मी सरळ वाचलं."

मी तर ऐकून इतकी भारावले की त्याच दिवशी दुकानाच्या पेजवर टाकूनही दिलं, शेंडे गुरुजींचं गाणं लवकरच येत आहे, 'अक्षराचा दिवा लाव', खाली दिव्याचं चित्र. लाइक्सही आले. पण छापायचं तर गुरुजींच्या घरच्यांना विचारायला पाहिजे. काकाजी म्हणाले, जाऊन विचारू. शेवटचं पुस्तक निघतंय, आता नाही तर त्या गाण्यात दिवा कधीच लागणार नाही.

विजूभाऊंची गाडी, मी आणि काकाजी. रस्ताभर माणूस एक शब्द बोलला नाही. मध्ये एका गावात 'स्वच्छतेचे महत्व' असं, एक त गाळून, भिंतीवर होतं, तिथंही नाही. तेव्हा मला कळलं की ते घाबरलेत.

गुरुजींच्या मुलीचं नाव शालूताई. गावातल्या विहारात बायका गाणी म्हणायला जमल्या होत्या, त्या त्यांच्यातच बसल्या होत्या. काकाजी गाडीतून उतरेचनात. मीच आत गेले, सांगितलं, नागपूरहून मेश्राम आलेत, छापखान्यावाले.

शालूताई उठून उभ्या राहिल्या. "अवो बाया हो," त्या ओरडल्या, "दवावाले आले!"

सगळ्या बायका दाराशी. काकाजी गाडीच्या दाराला धरून उभे, चेहरा असा झाला की मला वाटलं आता हे परत गाडीत बसतात. पण ते आले. सतरंजीवर बसले, पाणी प्यायले आणि मी काढून नेलेला प्रिंट शालूताईंपुढे धरला. "ताई, शेवटचं पुस्तक निघून राहिलं. गुरुजीचं गाणं मागाले आलो. यंदा बरोबर छापतो. दिवा."

शालूताईंनी वाचलं आणि शेजारच्या म्हाताऱ्या गिरजाबाईंकडे दिलं. गिरजाबाई बोट ठेवून ठेवून वाचायला लागल्या. "जुन्या दुखण्याची रात वं बाई, अक्षराचा दि... दिवा?" त्यांनी मान वर केली. "हे चुकलं गा."

"नाही माय," काकाजी म्हणाले, "हेच बरोबर हाये. पयले चुकलं होतं. माह्याच हातानं."

"कसं बरोबर? दुखण्यावर दिवा लावते का कोणी? भाजन ना!" बायका खो खो हसल्या. "दुखण्यावर दवाच लावते. मी त्याच पुस्तकात बोट ठेवून वाचाले शिकली, मले नोको शिकवू."

"पण गुरुजीनं दिवाच लिहिलं होतं..."

"हाव, आमच्या बाबानंबी हेच म्हटलं होतं," शालूताई म्हणाल्या. आणि त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं सांगते. पहिल्या वर्षी बायका विहारात 'दवा' म्हणायला लागल्या तर गुरुजी उभे राहून ओरडले, दिवा म्हणा, दिवा! बायका म्हणाल्या, गुरुजी, तुम्हीच तं आम्हाले सांगता, कोणी सांगतलं म्हणून मानू नका, स्वतः वाचून पाहा. आम्ही वाचलं. दवा लिवलं हाये. गुरुजी तसेच निघाले. घरी जाऊन जेवले नाहीत म्हणे. आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभे राहिले.

"म्हणे, ठीक हाये, दवा तं दवा. पण 'अक्षराचा दवा' नाही, 'अक्षराची दवा'. दवा बाईमाणूस हाये. तेवढं व्याकरण तरी सांभाळा!" शालूताईंना हसू आवरेना. "तवापासून 'अक्षराची दवा'. बाबा स्वतः टाळी देऊन म्हणत."

काकाजी सतरंजीवर पुढे सरकले. मग म्हणाले, "अन् मले काहून नाही कळवलं त्यानं?"

"मी म्हटलं होतं, चिठ्ठी लिहा. तं म्हणे, चिठ्ठी नाही लिहीत, चिठ्ठीतबी चुका काढन तो. येईन ना तो कधी, मंग सांगीन."

काकाजींनी तो प्रिंट हातात घेतला, चार घड्या केल्या, खिशात खडूशेजारी ठेवला.

"अन् मी दर साली चहा पीत राहिलो," ते म्हणाले.

मग गिरजाबाईंनीच टाळी धरली. बायकांनी गाणं म्हटलं, पूर्ण, 'अक्षराची दवा' म्हणत. काकाजी मान खाली घालून ऐकत होते. दुसऱ्या कडव्यापासून त्यांचे ओठ हलायला लागले. काय म्हणत होते, दिवा की दवा, ते मला दिसलं नाही.

दुकानात आल्यावर मी फाइल उघडली. 'अक्षराचा'चं 'अक्षराची' केलं. 'दिवा'तल्या वेलांटीवर आले आणि थांबले. काकाजी मागे उभे. मी बटण दाबलं.

"गेली?"

"गेली."

"तेव्हाबी अशीच गेली होती," ते म्हणाले. "आवाजबी नाही झाला."

मी म्हटलं, पेजवरचं 'दिवा' काढून टाकते, लोकांचा गोंधळ होईल. ते म्हणाले, "राहू दे. ते गुरुजीचं हाये. हे गावाचं हाये. दोन्ही राहू दे." मग जरा थांबून, "खाली टीप-बीप नोको टाकू वं धडधडी. गाण्याखाली खुलासा चांगला नाही दिसत."

दसऱ्याला दीक्षाभूमीवर मी दिवसभर स्टॉलवर होते. ऊन, धूळ, लाउडस्पीकर, आणि माणसंच माणसं. त्या गावच्या बायका आल्या, गिरजाबाई पुढे. मी काकाजींकडे पाहिलं. ते चहाला गेले नाहीत. गिरजाबाईंनी पुस्तक उघडून ती ओळ शोधली, बोट ठेवलं, म्हणाल्या, "आता बरोबर हाये." आणि पदर सावरत गर्दीत गेल्या. शालूताईंनी पिशवी भरून पुस्तकं घेतली, काकाजींना जयभीम केला आणि म्हणाल्या, "पुढच्या साली छापसान ना?" विजूभाऊ दुसरीकडे पाहायला लागले. काकाजी नुसते हसले.

दुपारनंतर माझ्याच वयाची एक मुलगी आली. एका हातात मोबाइल, एका हातात आमचं पुस्तक. बराच वेळ इकडे तिकडे बघून म्हणाली, "काकाजी, इथं प्रिंटिंग मिस्टेक आहे. नेटवर 'अक्षराचा दिवा' आहे. तुमच्यात 'दवा' झालंय."

मी तोंड उघडणारच होते, सगळं सांगायला, गुरुजी, वेलांटी, गिरजाबाई, सगळं. काकाजींनी हात आडवा केला.

"हाव पोरी, नेटवर बरोबर हाये," ते म्हणाले. "दिवा तुह्याजवळ हायेच. आता दवा घेऊन जाय."

ती हसली, तिला काय कळलं कोण जाणे, पण पुस्तक तिनं परत ठेवलं नाही. घेऊन गेली.

त्यानंतर गर्दीचा एक लोंढा आला आणि मी सुट्टे, पिशव्या यात बुडून गेले. मध्येच वळून पाहिलं तर काकाजी मागं खुर्चीवर बसले होते. हातात तेच पुस्तक, तेच पान. मी त्यांना इतकी वर्षं वाचताना पाहिलं होतं, पण काहीतरी वेगळं दिसत होतं आणि काय ते लगेच कळेना. मग कळलं. त्यांनी पुस्तक सरळ धरलं होतं.